सूक्ष्म-आरएनए आणि फुप्फुसाचा कर्करोग

डीएनए, संदेशवाहक आरएनए, प्रथिन ही साखळी दहावीच्या वर्गात आपण फळ्यावर काढतो. तिच्या मधल्या कडीत लुडबुड करणारा एक इवला रेणू आहे. त्याचे नाव सूक्ष्म-आरएनए, लांबी जेमतेम २२ घटकांची. मुख्याध्यापकांची सूचनावही वर्गात पोचण्याआधीच कुणी अडवावी, तसा तो संदेशवाहक आरएनएला चिकटतो आणि प्रथिन तयार होऊ देत नाही. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुवकुन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत हे कोडे उलगडले. २०२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कृमीचा आणि आपल्या फुप्फुसाचा काय संबंध? २००० मध्ये याच कृमीत वर्णन झालेला ‘लेट-७’ हा सूक्ष्म-आरएनए माणसातही जसाच्या तसा आहे. पेशीला विभाजनाचा हुकूम देणारे ‘रास’ प्रथिन तो आटोक्यात ठेवतो. फुप्फुसाच्या गाठींत लेट-७ पुष्कळदा घटलेला असतो, हे जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. कासरा सुटला की बैल उधळायचाच. उलट ‘मिर-२१’ गाठीत वाढतो आणि वाढ रोखणारी प्रथिनेच दाबून टाकतो. तेव्हा हा रेणू चांगला की वाईट असे विचारण्यात अर्थ नाही. तो कोणता संदेश अडवतो ते पाहायचे.

पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे प्रथिन टिकते ते ‘मिर-२००’ कुटुंबामुळे. हे रेणू घटले की पेशी सुट्या होतात, रक्तात शिरतात, हाडांत, यकृतात, मेंदूत मुक्काम ठोकतात. रुग्ण दवाखान्यात येतो तो बहुधा त्यानंतरच.

सूक्ष्म-आरएनए रक्तातही सापडतात. मग साध्या रक्त-तपासणीवरून रोग आधीच ओळखता येईल का? असे कुणी विचारले की आम्ही धाराशिवचे उदाहरण देतो. जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते तेव्हा, १९९९ पासून, तेथील ५२ गावसमूहांतल्या १,३१,७४६ स्त्रियांमध्ये टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तीन चाचण्या पारखल्या. रोग तिन्ही चाचण्यांत सापडत होता. मात्र २००९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा मृत्यू जवळपास निम्म्यावर आलेले दिसले ते केवळ विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीच्या गटात.

फुप्फुसाच्या बाबतीत सूक्ष्म-आरएनएची चाचणी अजून अशा कसोटीला उतरलेली नाही. प्रयोगशाळांचे आकडेही एकमेकांशी नीट जुळत नाहीत. तूर्त, क्षयाचे औषध चालू असूनही खोकला हटत नसेल, तर छातीची तपासणी पुन्हा करून घ्यावी, एवढे पालकांना जरूर सांगावे.