बर्फाला तारीख असते

ढोकळा फुगवणारा खाण्याचा सोडा १९८० साली एका परग्रहावर बर्फ होऊन पडला. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या चित्रपटात होथ नावाच्या हिमग्रहावर चार पायांची लोखंडी धुडं चालून येतात. त्या प्रसंगातल्या खऱ्या माणसांचं चित्रीकरण नॉर्वेतल्या फिन्से इथे झालं. धुडं मात्र दीडेक फुटांच्या प्रतिकृती होत्या आणि त्यांच्या पायाखाली सोडा व काचेच्या सूक्ष्म, पोकळ गोळ्या यांचं मिश्रण पसरलेलं होतं. फिल टिपेट आणि जॉन बर्ग प्रतिकृतीचा पाय केसभर हलवत आणि एक चौकट टिपत. या बर्फावर नको तिथे हात टेकला, तर सगळं दृश्य फुकट. म्हणून टेबलालाच झडपा ठेवल्या होत्या. खालून डोकं वर काढायचं, पाय हलवायचा, पुन्हा खाली दडायचं.

खोट्या बर्फाचा इतिहास असा स्वयंपाकघर आणि कारखाना यांच्यामध्ये हिंडतो. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मध्ये (१९३९) खसखशीच्या शेतावर पडलेला बर्फ ॲस्बेस्टॉसचा होता. रंगवलेले कॉर्नफ्लेक्सही वापरात होते, पण ते पायाखाली इतके कुरकुरत की संवाद नंतर वेगळे ध्वनिमुद्रित करावे लागत. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’साठी (१९४६) आर.के.ओ. स्टुडिओने आग विझवण्याच्या फेसापासून निःशब्द बर्फ केला.

कण लहान होत नाही

माणसाच्या उंचीच्या दृश्यात हे सगळं खपतं. टेबलावरच्या देखाव्यात, म्हणजे डायोरामात, अडचण निराळी असते. रणगाडा, झाड, कौलारू घर यांना ३५ पट लहान करता येतं. पण पुडीतली भुकटी आहे तेवढीच राहते. जपानच्या तामिया कंपनीमुळे लष्करी प्रतिकृतींमध्ये १:३५ हे प्रमाण रुजलं, तोच हिशेब धरू. दिवाळीत दारापुढे घालतो त्या रांगोळीचा कण अर्ध्या मिलिमीटरचा मानला, तर या जगात तो पावणेदोन सेंटिमीटरचा होतो. म्हणजे बर्फ नव्हे, गारांचा सडा! उलट ३० मायक्रॉनची काचेची गोळी इथे जेमतेम एक मिलिमीटरची भरते. ती शोभते.

काच शोभते याला आणखीही एक कारण आहे. बर्फ मुळात पांढरा नसतोच. त्याचा प्रत्येक स्फटिक पारदर्शक असतो. असंख्य पृष्ठभागांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून ढीग पांढरा दिसतो. काचेच्या भुकटीतही हेच घडतं. पांढरा रंग मात्र कितीही फासला, तरी चुना लावल्यासारखाच दिसतो.

सोडा स्वस्त आणि बारीक, म्हणून नवशिक्यांचा लाडका. पण तो पाण्यात विरघळतो. पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये थोडा विरघळणार, वाळताना पुन्हा स्फटिक धरणार, वर पापुद्रा येणार. कालांतराने तो पिवळा पडतो, अशी जुन्या हातांची तक्रार असते. आपल्या पावसाळी हवेत तर त्याचे गोळेच होतात. संगमरवराची पूड विरघळत नाही, पण जड असते, त्यामुळे दाबलेल्या बर्फाला बरी. काचेच्या पोकळ गोळ्या इतक्या हलक्या, की श्वासाने उडतात. म्हणूनच त्या हाताळताना तोंडावर मास्क हवाच.

पद्धत सोपी वाटते. आधी बर्फाखालची जमीन पूर्ण करायची: चिखल, पाचोळा, रस्त्याची खडी. जाड थर भुकटीने भरायचे नाहीत, फोम कोरून उंचवटे आधीच करून घ्यायचे. वर गोळ्या, पांढरा ॲक्रिलिक रंग आणि डिंक यांचा लगदा थापायचा. तो ओला असतानाच चहाच्या गाळणीतून कोरडी भुकटी भुरभुरायची. कौशल्य लागतं ते बर्फ कुठे टाकायचा नाही हे ठरवायला. वारा एका बाजूने येतो, म्हणून कुंपणापाशी ढीग एकाच अंगाला चढतो. वळचणीखालची जमीन कोरडी राहते. चाकोरीतला बर्फ दाबला जाऊन पाण्याने तपकिरी होतो.

अर्देन, डिसेंबर १९४४

या छंदातला सर्वांत आवडता हिवाळा बेल्जियम-लक्झेंबर्गमधल्या अर्देनचा. १६ डिसेंबर १९४४ रोजी जर्मन फौजांनी तिथल्या जंगलातून अचानक हल्ला चढवला. देखाव्यांत ही लढाई बहुधा गुडघाभर बर्फातच दिसते. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात उंचावर बर्फ असला, तरी सखल रस्त्यांवर धुकं होतं आणि रणगाड्यांचे पट्टे चिखलात रुतत होते. २३ डिसेंबरच्या सुमारास आभाळ मोकळं झालं आणि जमीन गोठली. दाट बर्फ त्यानंतरचा, मुख्यतः जानेवारीतला. अमेरिकी रणगाड्यांना चुन्याची सफेदी आणि सैनिकांच्या अंगावर गावकऱ्यांच्या पलंगपोसांचे अंगरखे हेही बरेचसे तेव्हाचेच.

लक्झेंबर्गमधल्या डीकिर्चच्या लष्करी इतिहास संग्रहालयात १८ जानेवारी १९४५ च्या रात्रीचा देखावा आहे. माणसाएवढे पुतळे, पांढऱ्या कपड्यांतले सैनिक, सावर नदी ओलांडण्याची तयारी. तिथे बर्फ आपल्या तारखेला पडलेला आहे. तोच १७ डिसेंबरच्या रस्त्यावर घातला, तर कितीही सुबक असो, खोटाच.

मराठीत आपण फ्रीजमधल्या खड्यालाही बर्फ म्हणतो आणि आभाळातून पडणाऱ्यालाही. देखावा करणाऱ्याला ही चैन परवडत नाही. रात्रीचा भुसभुशीत, दुपारी पाणावलेला, वितळून पुन्हा गोठलेला, असा प्रत्येक बर्फ त्याला वेगळा घडवावा लागतो. तारखेच्या पुढची पायरी म्हणजे वेळ. सगळा बर्फ वाळला, की ओला ब्रश घेऊन रणगाड्याच्या इंजिनावरच्या झाकणावरचा थर तो पुसून काढतो आणि तिथे थोडी ओलसर चकाकी ठेवतो. इंजिन अजून गरम आहे. गाडी येऊन दहा मिनिटंसुद्धा झालेली नाहीत.