एका रस्त्यावर चार वेळा सीमा : सीमाशुल्क, ‘सवलतीचा रस्ता’ आणि आपला संशोधनप्रश्न

समजा, आयर्लंडमधल्या क्लोन्स गावात तुम्ही ट्रकमध्ये माल भरलात आणि तो कॅव्हनला पोचवायचा आहे. दोन्ही गावं आयर्लंड प्रजासत्ताकातली. पण मधला रस्ता उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये शिरतो, बाहेर येतो, परत शिरतो, परत बाहेर येतो. थोड्याशा अंतरात चार वेळा सीमा! इकडे रस्त्याचं नाव एन ५४, तिकडे ए ३. मग दर वेळी थांबून सीमाशुल्क भरायचं का?

हा प्रश्न गमतीचा वाटेल, पण व्यापार, सीमा किंवा करप्रशासन यांवर संशोधन करायचं असेल तर यातून बरंच शिकता येतं.

आधी पार्श्वभूमी. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली तेव्हा जुन्या काउंटींच्या हद्दी हीच सीमा ठरली. या हद्दी मालवाहतुकीचा विचार करून आखलेल्याच नव्हत्या. त्या शेतांमधून, ओढ्यांवरून, कुठे कुठे एखाद्याच्या वाडीतूनही जात होत्या. १ एप्रिल १९२३ पासून या रेषेवर सीमाशुल्क लागू झालं. सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आणि ती ओलांडणारे दोनशेहून जास्त रस्ते. प्रत्येक रस्त्यावर चौकी बसवणं कुठल्याच सरकारला परवडणार नव्हतं. म्हणून रस्त्यांचीच वर्गवारी झाली.

पहिला प्रकार ‘मंजूर’ रस्ते. इथे चौकी असायची, तीही ठराविक वेळेतच उघडी. शुल्क लागणारा माल इथूनच न्यायचा. दुसरा प्रकार ‘नामंजूर’ रस्ते. चालत जायला हरकत नाही, पण शुल्क लागणारा माल नेला तर गुन्हा. आता ज्या शेतकऱ्याचा बाजार नामंजूर रस्त्यावर दोन किलोमीटरवर आहे, त्याने काय करायचं? कायद्याने त्याला लांबचा वळसा होता. तिसरा प्रकार ‘सवलतीचे’ रस्ते, म्हणजे आपला क्लोन्स–कॅव्हन रस्ता, किंवा डंडॉक–कॅसलब्लेनी रस्ता, जो मध्ये आर्मा काउंटीतून जातो. इथे अट अशी की मध्ये थांबायचं नाही. न थांबता पलीकडे निघालात, तर सीमाशुल्काचे सोपस्कार नाहीत.

यामागचं तत्त्व नीट समजून घ्या. सीमाशुल्क लागतं ते देशात येऊन तिथे राहणाऱ्या, खपणाऱ्या मालावर. जो माल फक्त वाटेने जातोय, त्याला ‘पारगमन’ म्हणतात. त्यावर शुल्क नको, हे १९४७ च्या गॅट कराराच्या पाचव्या कलमातही आहे. पण सरकारची भीती खरी असते : माल मध्येच उतरवला तर? त्यावर नेहमीचा उपाय म्हणजे ट्रकला सील, शुल्काची हमी आणि कागदपत्रं. भारत २०१७ मध्ये ज्या टीआयआर करारात सामील झाला, तो याच पद्धतीवर चालतो. सवलतीच्या रस्त्यावर मात्र सील आणि हमी यांच्या जागी एक साधी वागणुकीची अट ठेवली गेली. छोट्या ग्रामीण रस्त्यावर कागदांचा खर्च मालापेक्षा जड झाला असता.

आता संशोधकासाठी खाचखळगे. या सीमेवर तस्करी भरपूर झाली. १९३२ ते १९३८ च्या व्यापारयुद्धात ब्रिटनने आयरिश गुरांवर जबर शुल्क लावलं, तेव्हा गुरं रात्री सीमेपार जायला लागली. दुसऱ्या महायुद्धात चहा, साखर, लोणी यांची पाळी आली. रात्री गेलेल्या गाईची पावती कुठेच नसते. सरकारी दप्तरात सापडतो तो फक्त चौकीवर नोंदलेला माल आणि पकडलेला माल. पकडलेला माल वाढला, म्हणजे तस्करी वाढली की गस्त वाढली? आकड्यावरून हे सांगता येत नाही. तसंच १९७० नंतर बरेच नामंजूर रस्ते ब्रिटिश सैन्याने खड्डे पाडून, अडथळे टाकून बंद केले. कारण सुरक्षेचं होतं, शुल्काचं नव्हे. दोन्ही कारणं एकाच रकान्यात टाकलीत तर निष्कर्ष चुकणारच.

१ जानेवारी १९९३ ला युरोपची एकल बाजारपेठ आली आणि या चौक्यांचं काम संपलं. ब्रेक्झिटनंतर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. तेव्हा तपासणी या रस्त्यांवर न आणता ग्रेट ब्रिटनहून उत्तर आयर्लंडला येणाऱ्या मालासाठी बंदरांकडे नेली गेली. म्हणजे तपासणी नाहीशी झाली नाही, तिची जागा बदलली. आपल्याकडेही १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईचे जकात नाके उठले, आणि तपासणीचा बराचसा भार ई-वे बिलावर गेला.

म्हणून सीमेवरच्या विषयाचा प्रस्ताव लिहिताना ‘सीमा खुली की बंद?’ एवढ्यावर थांबू नका. तीन गोष्टी विचारा : तपासणी नेमकी कुठे होते, तिचा खर्च कोणावर पडतो आणि कोणता माल नोंदीत येतच नाही. तिसऱ्याचं उत्तर दप्तरात मिळणार नाही. त्यासाठी त्या रस्त्यावरच्या लोकांशी बोलावं लागेल, आणि तेवढा वेळ तुमच्या वेळापत्रकात आधीच ठेवा.