त्रेपन्न की पस्तीस?

अकोला-अमरावतीकडच्या कपाशीच्या पाहणीचे अहवाल आम्ही मानधनावर लिहून देतो. आम्हाला डिस्लेक्सिया आहे. एकदा किडक्या बोंडांचा आकडा 53 ऐवजी 35 पडला आणि अहवाल परत आला. त्रेपन्न म्हणताना तीन आधी, लिहिताना पाच. ऱ्हस्व वेलांटीही अक्षराआधी काढायची, उच्चारायची नंतर! बुद्धीचा येथे संबंध नाही. ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड सावकाश बसते, एवढेच. म्हणून शेतातच 'पाच, तीन' असे सुटे अंक बोलून ध्वनिमुद्रित करतो, आणि मसुदा दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतो. वर्गातही गुण कापण्याआधी मुलाला आकडा बोलायला सांगून पाहावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता आली. परीक्षेत जादा वेळ मिळतो. अहवालाची मुदतवाढ मात्र आमची आम्हालाच मागावी लागते, आणि कारण सांगताना अजून संकोच वाटतो.