संकट टळत नाही तेव्हाचा देव

१६३० साली दख्खन आणि गुजरातेत पावसाने दगा दिला. त्यानंतरच्या दोन वर्षांत जे घडले ते त्या काळच्या नोंदींत वाचतानाही अंगावर काटा येतो. सुरतेहून आग्र्याकडे निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने वाटेत पडलेल्या प्रेतांबद्दल लिहून ठेवले आहे. शहाजहानच्या दरबारातला इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानेही अन्नासाठी माणसे कोणत्या थराला गेली ते नोंदवले आहे. याच दुष्काळात इंद्रायणीकाठच्या देहू गावात एका वाण्याचे दुकान बुडाले आणि त्याची पहिली बायको भुकेने गेली. मुलगाही त्याच काळात दगावला, असे परंपरा सांगते. आईवडील आधीच गेले होते आणि थोरल्या भावाने घर सोडले होते. घराण्यात पंढरीची वारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, पण म्हणून देहूत पाऊस पडला नाही. तुकोबांनी आपल्या दिवाळ्याची आणि बायकोच्या मृत्यूची हकीकत स्वतःच्या अभंगात सांगितली आहे. त्याच अभंगात पुढे ते सांगतात की विठ्ठलाचे मोडकळीला आलेले देऊळ नीट करावे असे त्यांच्या मनाने घेतले. सगळे गमावून बसलेला माणूस ज्याने काहीच वाचवले नाही त्याच्या देवळाची डागडुजी करायला का निघतो? संकटकाळच्या श्रद्धेबद्दल बोलायचे तर या प्रश्नाला सामोरे जावेच लागते.

अडचणीत सापडलेल्या माणसाला आपण सहज म्हणून जातो, देवावर भरवसा ठेव, सगळे नीट होईल. या बोलण्याचे दोन भाग आहेत आणि दुसरा भाग पहिल्यातून निघत नाही, असे माझे म्हणणे आहे. सगळे नीट होईलच, ही हमी देवाच्या नावावर खपवण्याचा अधिकार कुणालाच नाही. मूल वाचले तर अमुक करीन असा नवस बोलूनही मूल दगावते, तेव्हा अशा श्रद्धेपुढे दोनच वाटा उरतात: देव खोटा तरी, नाहीतर आपण पापी तरी. दोन्ही वाटा माणसाला आणखी खोल ढकलतात. वारकरी संतांनी ज्या भरवशाची साक्ष दिली तो या जातीचा नव्हता. संकटात आपण एकटे नाही, एवढेच त्यांचे सांगणे होते. ते थोडे वाटते खरे, पण ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला विचारावे, ते थोडे आहे का.

याचा सर्वात ठसठशीत पुरावा गंगाखेडच्या जनाबाईचा. दामा आणि करुंड यांची ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून आली आणि आयुष्यभर दासीच राहिली. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांतला विठ्ठल सिंहासनावर कमीच दिसतो. तो तिच्याबरोबर दळतो, कांडतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो, धुणे धुतो, तिची वेणी घालतो. जाते ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातले मर्म चटकन कळेल. पहाटेच्या अंधारात एक पाय लांब करून बसायचे, एका हाताने मूठ मूठ दाणे जात्याच्या तोंडात सोडायचे आणि दुसऱ्या हाताने खुंटा धरून ओढायचे. जाते जड असले की समोर दुसरी बाई बसते. दोघींचे हात एकाच खुंट्यावर येतात, ओढ वाटली जाते आणि गाणेही वाटले जाते. जनी अनाथ, परक्या घरात राबणारी. तिच्यासमोरची जागा रिकामी होती आणि तिचे अभंग सांगतात की त्या जागी विठ्ठल येऊन बसला. तिथे बसून त्याने दळण संपवून टाकले नाही आणि तिला दासीपणातून सोडवून राणीही केले नाही. दाणे तेवढेच राहिले, पहाटही तीच राहिली, फक्त खुंट्यावर दुसरा हात आला.

संतचरित्रांत चमत्कार भरपूर आहेत, हे खरे. महिपतीचा १७६२ चा ‘भक्तविजय’ उघडला तर पानोपानी देव धावून येताना दिसतो. जनाबाईच्या नावावरचे सगळे अभंग तिचेच आहेत असेही खात्रीने म्हणता येत नाही, कारण ते शतकानुशतके तोंडी फिरले. पण मला यात माझ्या म्हणण्याला बळकटीच दिसते. एका दासीच्या नावावर जर इतर अनाम माणसांनी आपलेही शब्द जोडले असतील, तर तो अनुभव तिच्या एकटीचा राहिला नाही, अनेकांनी तो आपला मानला, असे होते. शिवाय जात्यावरच्या ओव्यांची साक्ष आहेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. त्यांत पंढरी हे माहेर होते आणि विठ्ठल घरचा माणूस, कधी बाप तर कधी भाऊ. सासुरवाशिणीचा जाच त्या ओव्यांत लपवलेला नाही. जाच आहे आणि विठ्ठलही आहे, दोन्ही एकाच ओवीत मावतात. ज्या बायकांना कुणी तत्त्वज्ञान शिकवले नाही त्यांना हे पक्के ठाऊक होते की देव सोबत असणे आणि त्रास संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या भरवशाचे दुसरे लक्षण म्हणजे तक्रार. देवावर विश्वास ठेवायचा तर मुकाट सोसायचे, हा समज आपल्याकडे कुठून शिरला कोण जाणे. संतांकडून तो आलेला नाही. जनाबाई विठ्ठलाला एकेरी हाक मारून अक्षरशः शिव्या देते. तुकोबा त्याला कठोर म्हणतात, त्याच्याशी भांडतात आणि एका अभंगात तर आपल्यापुरता देव संपला इथवर जातात. चोखामेळ्याचा मुलगा कर्ममेळा देवाला थेट जाब विचारतो की आम्हाला हीन जन्म का दिलास. ही माणसे अश्रद्ध नव्हती. नसलेल्या माणसाशी कुणी भांडत नाही. तक्रार ऐकणारा समोर आहे हे गृहीत धरल्याशिवाय एवढ्या पोटतिडकीची तक्रार संभवतच नाही. तुकोबांनी पुढे आपले दिवाळे निघाले ते बरेच झाले, त्यातूनच देव भेटला, असेही म्हटले. पण तो निवाडा त्यांनी स्वतःच्या आयुष्याचा, स्वतःच्या तोंडाने दिला. १६३१ साली देहूतल्या कुणी शेजाऱ्याने त्यांना येऊन ‘बरे झाले’ म्हटले असते, तर ती क्रूरता ठरली असती.

इथे सर्वात वजनदार आक्षेप येतो. देव सोबत आहे या समाधानावर माणसे अन्याय सोसत राहतात, असा तो आक्षेप, आणि त्याला चोखामेळ्याचे उदाहरण देता येते. पंढरपूरजवळच्या मंगळवेढ्यात वेठीने भिंत बांधताना ती कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. परंपरेप्रमाणे हे १३३८ सालचे. पंढरपूरच्या ज्या देवळात जिवंतपणी पाऊल टाकता आले नाही त्याच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या ग्रंथावरून गांधीजींशी झालेल्या वादात स्पष्ट म्हटले की संतांनी माणसे देवाच्या दृष्टीने समान आहेत असे सांगितले, माणूस माणसाच्या दृष्टीने समान आहे असे सांगितले नाही. या टीकेला पळवाट काढू नये. ती बरोबर आहे. भक्तीने दार उघडले नाही. ते उघडायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. पण याच बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, हेही विसरता येत नाही. देव फक्त गाभाऱ्यात आहे आणि किल्ली आमच्याकडे आहे, असा दाराशी बसलेल्यांचा दावा होता. देव माझ्याबरोबर बाहेर आहे, असे चोखोबा म्हणाले, तेव्हा त्या दाव्याला पहिली चीर गेली. ती पुरेशी नव्हती. साने गुरुजींसारखा अंतर्बाह्य भाविक माणूस देवाच्याच नावाने उपाशी बसला, तेव्हा मात्र श्रद्धा माणसाला निमूट करते हा नियम उरला नाही. जी श्रद्धा अन्यायाला देवाची इच्छा म्हणते तिच्याशी माझे भांडण आहे. पण संकटात देवाला सोबती मानणारी श्रद्धा तशी असलीच पाहिजे असे नाही.

आधुनिक संशोधनही या फरकाकडे बोट दाखवते. केनेथ पारगामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये सहकाऱ्यांसह माणसे अडचणीत देवाशी कशी वागतात याच्या तीन तऱ्हा मांडल्या. काही जण सगळे स्वतःच निस्तरतात, काही सगळे देवावर टाकून बसतात आणि काही देवाला बरोबर घेऊन कामाला लागतात. सगळे देवावर टाकणाऱ्यांत स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास कमी आढळला, देवाला भागीदार मानणाऱ्यांत जास्त. पुढे २००१ मध्ये त्याच्याच एका अभ्यासात पंचावन्न वर्षांवरील ५९६ आजारी माणसांचा दोन वर्षे मागोवा घेतला गेला. देवाने आपल्याला टाकले, देवाचे आपल्यावर प्रेम उरले नाही, असे वाटणाऱ्यांत मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जास्त दिसला, प्रकृतीतला फरक हिशेबात धरूनही. कुणी म्हणेल, मग संतांची तक्रार घातकच की. मला तसे वाटत नाही. टाकले गेल्याची भावना आणि ‘का टाकलेस’ असे तोंडावर विचारणे यांत अंतर आहे. पहिलीत माणूस एकटा पडतो, दुसऱ्यात बोलणे चालू राहते. याउलट प्रार्थनेकडे इलाज म्हणून पाहिले तर काय होते, हे २००६ च्या एका मोठ्या प्रयोगात दिसले. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवर तो झाला. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेचा बरे होण्यावर काहीही चांगला परिणाम आढळला नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना नक्की सांगितले होते त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के, आणि प्रार्थना होत असूनही ज्यांना खात्री नव्हती त्यांच्यात ५२ टक्के निघाली. श्रद्धाळू माणसाने या आकड्यांनी बिचकण्याचे कारण नाही. जनाबाईने असा प्रयोग कधी मांडलाच नव्हता.

राहिला शेवटचा आक्षेप: ही सोबत मनाची समजूत कशावरून नाही? देव आहे हे अशा अभ्यासांनी सिद्ध होत नाही आणि संतांच्या अनुभवानेही नास्तिकाचे समाधान होणार नाही. मी तसा दावा करत नाही. पण नुसत्या समजुतीचा स्वभाव सोयीचा असतो, ती माणसाला हवे तेच दाखवते. संतांचा देव त्यांच्या सोयीने वागलेला नाही. त्याने दुष्काळ थांबवला नाही, भिंत सावरली नाही, दासीची चाकरी सोडवली नाही. तरी ही माणसे कडवट होऊन मिटली नाहीत, जास्त उघडी झाली. दुष्काळानंतरच्या तुकोबांनी, परंपरेप्रमाणे, आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली आणि कुळे मोकळी केली. ही सोबत त्यांनी एकट्याने सांभाळलीही नाही. एकादशीचे कीर्तन, रोजचा हरिपाठ, दिंडीत पुढेमागे चालणारी माणसे यांच्या आधाराने ती टिकली. स्वतःला काहीच जाणवत नाही असे दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येतात. त्या दिवशी टाळ दुसऱ्याच्या हातात असतो, आपण नुसते उभे राहिले तरी चालते. घरातल्या घरात, एकट्याने, मन घट्ट करून देवावर विश्वास ठेवायचा ही कल्पना वारकऱ्यांना परकीच वाटली असती.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. कुणाच्या घरी मृत्यू, आजारपण किंवा कर्जाचा फास आला असेल तर ‘देव परीक्षा पाहतोय’ आणि ‘मागच्या जन्मीचे भोग’ ही दोन वाक्ये तिथे उच्चारू नका. डबा पोचवा, दवाखान्यात एक रात्र थांबा, बँकेच्या नाहीतर तहसील कचेरीच्या रांगेत त्यांच्या बरोबर उभे राहा. तो माणूस देवाला बोल लावत असेल तर लावू द्या. आणि झोप-जेवण सुटून दिवसामागून दिवस जात असतील, जगणे नको असे बोलणे कानावर येत असेल, तर देवाच्या भरवशावर वाट पाहू नका, डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीतून बोलता येते.