वेचून काढले, तरी गोचीड परत येतात कुठून?

केज तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीवर दिसणारं दृश्य: ओसरीवर बसून कुणीतरी कुत्र्याच्या कानातले गोचीड वेचतंय. आठ-पंधरा दिवसांत कान पुन्हा भरलेला.

कारण कुत्रा ही गोचिडाची फक्त खाणावळ. त्याचं घर भिंतीच्या भेगेत असतं. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा जेवायला चढतो आणि दरवेळी पोट भरलं की खाली उतरतो. दोनदा कात टाकायला, आणि शेवटी मादी अंडी घालायला. एकेक मादी हजारांच्या घरात अंडी घालते. आपण वेचतो ते थोडेच; बाकीचे दगडांच्या सांदीत वाट बघत असतात.

नुसतं रक्त गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण गोचिडाच्या लाळेतून एर्लिकिया नावाचे जिवाणू कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत शिरतात. चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटावं, तसं! मग रक्त गोठवणाऱ्या कणिका घटतात. कुत्रा अन्न सोडतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. हाच गोचीड ताप. रक्त तपासून डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावं लागतं. चार दिवसांत कुत्रा शेपटी हलवू लागला की लोक गोळ्या थांबवतात, याचं फार वाईट वाटतं. जिवाणू तेव्हा संपलेले नसतात.

कुत्र्याला औषध लावाल त्याच दिवशी भिंतीच्या भेगाही लिंपा, त्याचं झोपायचं पोतं बदला. आणि गाईम्हशींचं गोचीडनाशक अंदाजाने त्याच्यावर ओतू नका. मात्रा पशुवैद्यकालाच विचारा.