लेकराचा ताप : आकड्याआधी लेकरू बघा

दिवसभर निंदणी करून तुम्ही घरी येता. लेकरू वाकळ पांघरून पडलेलं असतं. हात लावावा तर अंग तव्यासारखं. म्हातारी म्हणते, नजर लागली. शेजारी म्हणतो, सुई टोचून आणा. आणि तुमच्या मनात येतं, एवढी रात्र काढू, सकाळी बघू. थांबायचं की निघायचं, हा निर्णय डॉक्टर नव्हे, तुम्हीच घेता. तो कशावरून घ्यायचा, तेवढंच आज सांगायचं आहे.

ताप ही खूण आहे

ताप हा स्वतः रोग नव्हे. अंगात जंतू शिरले की त्यांच्याशी लढण्यासाठी शरीर आपली उष्णता वाढवतं. थर्मामीटरवर १००.४ किंवा त्याहून जास्त आकडा आला की ताप धरावा. लहान मुलांचे बहुतेक ताप सर्दी-पडशासारख्या विषाणूंचे असतात आणि तीन-चार दिवसांत उतरतात. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, सुई मागून घेण्यातही अर्थ नाही.

म्हणून नुसत्या आकड्याला घाबरू नका. ताप १०२ आहे, पण जरा उतरताच पोर पाणी पितंय, हसतंय, लघवी नीट होतेय, तर घरी लक्ष ठेवता येईल. उलट ताप १०० च आहे, पण लेकरू मान टाकून पडलंय, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, तर धोका आहे.

हे दिसलं की रात्र काढू नका

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर कोणताही ताप धोक्याचाच. अशा तान्ह्या बाळाचं अंग गार पडणं, दूध न ओढणं हेही तितकंच वाईट. मोठ्या मुलात या खुणा बघा : पाणी किंवा दूध घेत नाही, प्यायलेलं सगळं उलटून टाकतं, झटके येतात, मान ताठ होते, टाळू फुगते, सात-आठ तास लघवी नाही, अंगावर लाल-जांभळे ठिपके, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त. यातलं एक जरी दिसलं तरी तडक निघा. १०८ ला फोन करा, गाडी लगेच येण्यासारखी नसेल तर मिळेल त्या वाहनाने जा. नागपूर भागातल्या चांदीपुरा गावात १९६५ साली सापडलेल्या विषाणूचा ताप लहान मुलांना एखाद-दुसऱ्या दिवसातच बेशुद्धीपर्यंत नेतो. तिथे सकाळची वाट बघणं परवडत नाही.

श्वास मोजा

ताप आणि खोकला असेल तर लेकरू शांत असताना पोटावरचा कपडा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर न्यूमोनिया असू शकतो. हे अडाणी माणसालाही जमतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या सुईणींना मण्यांच्या साध्या साधनावर श्वास मोजायला शिकवलं. खेड्यातच न्यूमोनिया ओळखून औषध दिल्याने बालमृत्यू कमी झाले, हे १९९० साली जगापुढे मांडलं गेलं.

घरी काय करावं

वाकळा काढा, सैल सुती कपडा ठेवा. अंगावरचं दूध चालू ठेवा. मोठ्या मुलाला पाणी, पेज, वरणाचं पाणी थोडं थोडं पाजा. बर्फाचं पाणी, स्पिरिट अंगाला लावू नका.

औषध पॅरासिटामॉलच, तेही वजनावर : किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला १२५ मिलिग्रॅमचं सिरप ५ मिली. दोन डोसांत निदान सहा तास ठेवा, दिवसात चारपेक्षा जास्त डोस नकोत. बाटली वाचा, कारण २५० चं सिरप दुप्पट तेज असतं आणि तान्ह्यांचे थेंब त्याहून तेज. घरचा चमचा नको, बाटलीसोबतचं माप वापरा. ॲस्पिरिन देऊ नका. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर २०११ पासून बंदी आहे.

झटके आले तर लेकराला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट घालू नका, पाणी पाजू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. घड्याळ बघा. झटके थांबले तरी डॉक्टरला दाखवाच. पाच मिनिटांत थांबले नाहीत तर क्षणभर थांबू नका.

गावाचं काम

ताप दोन-तीन दिवसांवर गेला, किंवा थंडी वाजून आला, तर आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा. हिवताप असेल तर कळेल. डेंगीत ताप उतरताना धोका वाढतो, म्हणून ताप गेला तरी पोट दुखत असेल, उलट्या होत असतील, तर परत दाखवा.

सरपंच आणि ग्रामसेवक यांनीही हे मनावर घ्यावं. आठवड्यात एक कोरडा दिवस पाळा, रांजण-टाक्या घासून कोरड्या करा, जुने टायर हलवा, घराच्या भिंतींच्या भेगा लिंपून घ्या. रात्री गावातून कोणाची गाडी निघू शकते, त्यांची नावं आणि फोन पंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा. वेळ आली की शोधाशोध नको.

बैल चारा सोडतो तेव्हा आपण लगेच ओळखतो, काहीतरी बिघडलंय. लेकराकडेही तशाच नजरेने बघा.