धनुष्याची दोरी

ठाणें, कल्याण, डोंबिवली या बाजूच्या सुशिक्षित घरांतूनही आतां मधून मधून धनुष्य दिसूं लागलें आहे, ही आम्हांस आनंदाची गोष्ट वाटते. ऑगस्ट २०२३ मध्यें बर्लिन येथील जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यांत साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनीं वैयक्तिक सुवर्णपदकें मिळविलीं. त्या वेळीं अदितीचें वय अवघें सतरा वर्षांचें होतें. असें वर्तमान कानीं पडल्यावर आपल्याही नातवंडानें दोन बाण सोडून पाहावे असें एखाद्या आजोबांस वाटलें, तर त्यांत नवल तें काय? या दोघांचीं धनुष्यें कप्प्या लावलेलीं, यंत्रासारखीं असतात. नवशिक्या मुलाच्या हातीं प्रथम येतें तें मात्र बहुधा बांबूचें किंवा लांकडाचें साधें धनुष्य. तें घरीं आलें कीं वडील मंडळी त्याचें लांकूड पाहतात, किंमत विचारतात, मूठ हातांत घेऊन पाहतात. दोरीविषयीं मात्र कोणी चकार शब्द काढीत नाहीं. वास्तविक धनुष्याचा सारा प्राण त्या दोरींत असतो, आणि अपघातही पुष्कळदां तिच्याकडे झालेल्या दुर्लक्षांतूनच उद्भवतात. म्हणून त्या उपेक्षित दोरीची ओळख वाचकांस करून द्यावी, असें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या भाषेनें या दोरीस कांहीं कमी मान दिलेला नाहीं. ज्या, मौर्वी, गुण, शिंजिनी, प्रत्यंचा अशीं तिचीं कितीतरी नांवें संस्कृतांत आहेत. त्यांपैकीं 'ज्या' हें नांव तर आपल्या घरांतील प्रत्येक शाळकरी मूल नकळत उच्चारीत असतें. वर्तुळाची 'त्रिज्या' म्हणजे तीन राशींची, अर्थात् नव्वद अंशांची, ज्या. वर्तुळाचा तुकडा हें धनुष्य आणि त्याचीं दोन टोंकें जोडणारी सरळ रेषा ही त्याची दोरी, अशी आपल्या ज्योतिर्विदांची कल्पना होती. हाच शब्द 'जीवा' या रूपानें अरबींत गेला. तेथें त्याचें वाचन बदललें, आणि बाराव्या शतकांत लॅटिन भाषांतरकारांनीं त्या बदललेल्या शब्दाचा अर्थ घेऊन 'सायनस' असा शब्द योजिला. आज त्रिकोणमितींत शिकवितात ती 'साइन' म्हणजे मुळांत आपल्या धनुष्याची दोरीच होय.

आतां दोरीचें कार्य पाहूं. धनुष्य ओढतांना आपलें बळ त्याच्या दोन बाहूंत सांठविलें जातें. हात सुटतांच तें बळ बाणास पोंचविण्याचें काम एकट्या दोरीचें. म्हणून ती बळकट तर हवीच, पण हलकीही हवी. जाड व जड दोरी केली तर बळाचा कांहीं भाग तिला स्वतःलाच हलविण्यांत खर्च होतो. ती फार ताणली जाणारी असेल तर बाण मंद जातो. मुळींच न ताणली जाणारी असेल, तर सुटतांना बसणारा हिसका बाहूंच्या टोंकांस सोसावा लागतो. बळकटी, हलकेपणा आणि बेताची लवचिकता या तिहींचा मेळ जींत असेल, ती दोरी उत्तम समजावी.

असा मेळ आपल्या पूर्वजांनीं कोणत्या द्रव्यांत शोधला? ठाण्याच्या शिलाहारांच्या काळांतील मानले जाणारे वीरगळ बोरिवलीजवळ एकसर येथें आहेत, आणि त्यांवर धनुर्धारी कोरलेले आहेत. परंतु दगडांत धनुष्याचा आकार तेवढा टिकतो. दोरी कशाची होती, तें दगड सांगत नाहीं. त्यासाठीं ग्रंथांकडेच वळलें पाहिजे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी १९०९ सालीं म्हैसूर येथें छापून प्रसिद्ध झाली. तींतील आयुधागाराच्या प्रकरणांत दोरीचीं सहा द्रव्यें दिलीं आहेत : मूर्वा, अर्क, शण, गवेधु नांवाचें तृण, वेणु आणि स्नायु. हीं नांवें वाचून तीं कोठलीं तरी दूरचीं द्रव्यें असावींत असा समज होतो. पण तीं आपल्या अंगणापासून फार दूर नाहींत. अर्क म्हणजे रुई. शनिवारीं मारुतीस जिच्या पानांची माळ घालतात, आणि कल्याणच्या खाडीकांठीं पडीक जागेंत जी आपोआप उगवते, तीच ही. तिच्या सालीचा धागा रेशमासारखा चिवट असतो. शण म्हणजे ताग. त्याच्याच वाखाचे दोर शेतकरी वळीत आले. मूर्वा म्हणजे नेमकी कोणती वनस्पति याविषयीं वैद्यमंडळींत मतभेद आहेत. तथापि वनस्पतिशास्त्रज्ञ हें नांव ज्या तलवारीसारख्या पानांच्या रोपास देतात, त्याच्याच जातीचें चट्ट्यापट्ट्यांचें रोप डोंबिवलीच्या कितीतरी सज्जांतून शोभेसाठीं कुंडींत लावलेलें दिसतें.

ज्या घरांत मुंजी होतात, त्या घरांस तर हा विषय अधिकच जवळचा आहे. मनुस्मृतींत उपनयनाच्या वेळीं बटूच्या कमरेस बांधावयाची मेखला सांगितली आहे, ती ब्राह्मणास मुंज तृणाची, क्षत्रियास मूर्वेच्या ज्येची व वैश्यास शणाच्या तंतूंची. म्हणजे क्षत्रिय बटूची मेखला ही खरोखर धनुष्याची दोरीच होती. मुंजीचें नांव ज्या तृणावरून पडलें तें आज आपणांपैकीं कितीजण ओळखतील? नांव आणि विधि आपण जपला. वस्तूची ओळख मात्र हातची गेली.

ती ओळख ज्यांच्या हातीं राहिली, ते लोक आपल्यापासून फार लांब नाहींत. कल्याणहून मुरबाड किंवा शहापूरच्या बाजूस गेलें, अथवा जुन्या ठाणें जिल्ह्यांतून २०१४ सालीं वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांत शिरलें, कीं वारली, ठाकूर, कातकरी यांच्या वस्त्या लागतात. तीरकामठा हें त्यांचें पिढीजात हत्यार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी झाली व या हत्याराचा जुना उपयोग मागें पडला. पण वारल्यांच्या भिंतीवरील पांढऱ्या चित्रांत हातीं कामठा घेतलेला माणूस अद्याप उभा आहे. आणखी उत्तरेस, नंदुरबारकडील सातपुड्याच्या रांगांत, भिल्लांचें धनुष्य पाहावें. त्याची दोरी सुताची नाहीं कीं कातड्याची नाहीं. बांबूचीच पातळ, लांब कांब काढून ती दोन्ही टोंकांस दोरीच्या फांसांनीं अडकविलेली असते. कौटिल्याच्या यादींत 'वेणु' हा शब्द वाचून, बांबूची दोरी ती कशी व्हावी, अशी शंका एखाद्या पंडितास येईल. त्या शंकेचें उत्तर कोणत्याही टीकाग्रंथापेक्षां भिल्लाच्या हातांत अधिक स्पष्ट मिळतें. ग्रंथानें शब्द राखला आणि डोंगरानें कृति राखली. दोहोंपैकीं एकच हातीं धरून विद्या पुरी होत नाहीं, हें आम्हां शहरवासीयांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आतां प्रत्यक्ष निवडीचा विचार करूं. आज बाजारांत मिळणाऱ्या दोऱ्या बहुतेक कृत्रिम धाग्यांच्या असतात. त्यांत मुख्य प्रकार दोन. डॅक्रॉनची दोरी किंचित् ताणली जाते व सुटतांना बाहूंस हिसका कमी देते. डायनीमासारख्या धाग्यांची दोरी जवळजवळ ताणली जातच नाहीं. तीमुळें बाण वेगानें जातो, पण तिचा हिसका सोसण्यासाठीं धनुष्याचीं टोंकें मुद्दाम मजबूत केलेलीं असावीं लागतात. म्हणून बांबूच्या, लांकडाच्या किंवा जुन्या धनुष्यास डॅक्रॉनचीच दोरी लावावी. वेगाच्या लोभानें दुसरी लावल्यास टोंक चिरण्याचा धोका असतो. नेहमींच्या जाडीच्या डॅक्रॉनचे किती धागे घ्यावे, याचा ठोकताळा असा : धनुष्याची ओढ २५ ते ३५ पौंड असेल तर १० धागे, ३५ ते ४५ पौंडांस १२ आणि ४५ ते ५५ पौंडांस १४. लांबीचें प्रमाण असें कीं, साध्या लांब धनुष्याची दोरी धनुष्याच्या मापापेक्षां सुमारें तीन इंच, आणि टोंकें पुढें वळलेल्या धनुष्याची सुमारें चार इंच आंखूड असावी. दोरी चढविल्यावर मूठ आवळून धनुष्याच्या मुठीवर ठेवावी व आंगठा ताठ उभा करावा. साध्या धनुष्याची दोरी आंगठ्याच्या टोंकाशीं, म्हणजे सहासात इंचांवर, आली पाहिजे. वळलेल्या टोंकांच्या धनुष्यास हें अंतर याहून अधिक लागतें. अंतर थोडें कमी भरलें तर दोरी उतरवून तिला चार पीळ अधिक द्यावे, जास्त भरलें तर पीळ कमी करावे.

निगा राखण्याचे नियम थोडे आहेत, पण ते रोज पाळावे लागतात. प्रत्येक वेळीं दोरी चढविण्यापूर्वीं ती दोन बोटांतून टोंकापासून टोंकापर्यंत ओढून पाहावी. केसाळपणा दिसला तर मधमाशांचें मेण लावून बोटांनीं घासावें, म्हणजे बोटांच्या उबेनें तें धाग्यांत मुरतें. मेणबत्तीचें मेण ठिसूळ होऊन गळतें, तेल धूळ धरतें. तीं दोन्ही वर्ज्य करावींत. बाण जेथें लावतात तेथें दोरीवर धाग्याचा वेढा दिलेला असतो. त्यास मेण लावूं नये, आणि तो सैल होतांच नवा घालून घ्यावा. एकही धागा तुटलेला आढळला तर गांठ मारून काम भागवूं नये. ती दोरी त्याच दिवशीं काढून टाकावी. नवी दोरी घेण्यास जो खर्च येतो, तो धनुष्याच्या किंवा डोळ्याच्या किंमतीपुढें कांहींच नव्हे.

दुसरा नियम असा कीं, काम संपतांच लांकडी वा बांबूच्या धनुष्याची दोरी उतरवावी. चढवून ठेवलेलें धनुष्य हळूहळू वांकलेलेंच राहतें व त्याचें बळ जातें. हा नियम आमच्या पदरचा नाहीं. अज्ञातवासास निघालेल्या पांडवांनीं शमीच्या झाडावर शस्त्रें ठेवण्यापूर्वीं आपापल्या धनुष्यांच्या दोऱ्या सोडल्या, असें महाभारताच्या विराटपर्वांत स्पष्ट सांगितलें आहे. दसऱ्यास शमीची पूजा करणाऱ्या घरांनीं तेवढा बारकावाही ध्यानांत ठेवावा. शतपथ ब्राह्मणांतील कथा तर याहून बोलकी आहे. चढविलेल्या धनुष्याच्या टोंकावर मस्तक टेकून विष्णु उभे होते. मुंग्यांनीं दोरी कुरतडली, धनुष्याचीं टोंकें ताडकन् उसळलीं आणि त्यांचें मस्तक तुटून पडलें. या कथेचा यज्ञपर अर्थ पंडितांनीं सांगावा. दोरी कुरतडली जाते आणि चढविलेलें धनुष्य बेसावध माणसास क्षमा करीत नाहीं, हा तिचा साधा अर्थ मात्र कोणालाही कळण्याजोगा आहे.

आपल्याकडील पावसाळा हा दोरीचा मोठा शत्रु. या भागांत वर्षास सुमारें शंभर इंच पाऊस पडतो. स्नायूची किंवा तातेची दोरी दमट हवेनें सैल पडते, आणि वाखाची दोरी भिजून तशीच राहिली तर आंतून कुजते. १३४६ सालीं फ्रान्समधील क्रेसीच्या लढाईपूर्वीं पावसाची सर आली. तेव्हां इंग्रज तिरंदाजांनीं आपल्या दोऱ्या काढून डोक्यावरील टोपाखालीं कोरड्या ठेविल्या आणि शत्रूकडील भाडोत्री तिरंदाजांच्या दोऱ्या भिजून निकामी झाल्या, अशी हकीकत त्या काळच्या एका फ्रेंच बखरकारानें लिहून ठेविली आहे. कृत्रिम दोरी कुजत नसली तरी बांबू ओल धरतोच. म्हणून चार महिने धनुष्य भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवें ठेवावें. कोपऱ्यांत तिरपें उभें करूं नये व उन्हांत वाळवूं नये. दोरी सैलसर वेटोळें करून कोरड्या डब्यांत ठेवावी.

शेवटीं वडील माणसांस एक विनंती. बाण न लावतां दोरी ओढून सोडण्याचा मोह मुलांस हटकून होतो. त्या वेळीं बाणानें न्यावयाचें सारें बळ उलट बाहूंवर आदळतें, आणि धनुष्य तुटून तुकडे अंगावर येऊं शकतात. घरांत हा खेळ कधींही होऊं देऊं नये. दोरीचे दोन्ही फांस खांचांत नीट बसले आहेत हें पाहिल्यावांचून ती ओढूं नये, आणि बाण सोडावयाचे ते मैदानांत, शिक्षकांच्या देखरेखीखालींच. धनुष्य शिक्षकानें निवडून द्यावें. पण दोरी तपासण्याचें, तिला मेण लावण्याचें व ती उतरविण्याचें काम मुलाच्याच हातीं सोपवावें. रोज पांच मिनिटें आपल्या दोरीची विचारपूस करणारें मूल नेम धरण्यापूर्वींच निम्मी धनुर्विद्या शिकलेलें असतें, असें आम्हांस वाटतें.